‘ते आमच्यासाठी होतं का?’ : विमानांच्या कॉलसाइनचा घोळ कसा होतो आणि तो कसा टाळतात?

१५ जानेवारी २००९. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून उडालेल्या यूएस एअरवेजच्या विमानाला पक्ष्यांचा थवा धडकला आणि दोन्ही इंजिनं बंद पडल्यासारखी झाली. पुढच्या साडेतीन मिनिटांत कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर यांनी ते विमान हडसन नदीत उतरवलं आणि आतले सगळे १५५ जण वाचले. ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल, सिनेमाही पाहिला असेल.

पण त्या दिवशीच्या रेडिओ संभाषणातली एक बारीकशी गोष्ट फार जणांना माहीत नसते. त्या विमानाचं रेडिओवरचं नाव होतं ‘कॅक्टस १५४९’. संकटाची पहिली खबर देताना खुद्द सलेनबर्गर म्हणाले, ‘कॅक्टस १५३९’. आणि त्यांच्याशी बोलणारा कंट्रोलर पुढे त्यांना हाक मारत होता ‘कॅक्टस १५२९’ अशी. म्हणजे खरा आकडा एक, वैमानिकाने सांगितलेला दुसरा आणि कंट्रोलरने उच्चारलेला तिसराच!

त्या दिवशी यामुळे काही बिघडलं नाही. रडारवर विमान दिसत होतं आणि कोण संकटात आहे याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. पण नेमके त्याच वेळी त्याच फ्रिक्वेन्सीवर खरोखरचं ‘कॅक्टस १५२९’ असतं तर? त्याला वाटलं असतं की, डावीकडे वळण्याची सूचना आपल्यालाच आहे.

विमान वाहतुकीत या प्रकाराला कॉलसाइनचा घोळ म्हणतात. तो कसा होतो आणि टाळण्यासाठी काय केलं जातं, हे समजून घेऊया.

कॉलसाइन म्हणजे नेमकं काय?

कॉलसाइन म्हणजे विमानाचं रेडिओवर हाक मारायचं नाव. प्रवासी विमानांच्या बाबतीत त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग कंपनीचं रेडिओवरचं नाव आणि दुसरा भाग उड्डाणाचा क्रमांक.

कंपनीचं हे नाव नेहमीच्या नावासारखंच असेल असं नाही. एअर इंडियाला रेडिओवरही ‘एअरइंडिया’च म्हणतात, पण इंडिगोचं नाव आहे ‘आयफ्लाय’. एअर इंडिया एक्सप्रेसला ‘एक्सप्रेस इंडिया’ म्हणतात. ब्रिटिश एअरवेज झाली ‘स्पीडबर्ड’, तर आयर्लंडची एअर लिंगस ‘शॅमरॉक’. वरच्या गोष्टीतलं ‘कॅक्टस’ हे मुळात अमेरिका वेस्ट या कंपनीचं नाव होतं. ती कंपनी आणि यूएस एअरवेज एकत्र आल्यावर तेच नाव पुढे चालू राहिलं.

लहान खासगी आणि प्रशिक्षणाच्या विमानांना बहुतेक वेळा त्यांच्या नोंदणीच्या अक्षरांनीच हाक मारतात. भारतात नोंदलेल्या विमानांची अक्षरं ‘व्हीटी’ने सुरू होतात आणि पुढे तीन अक्षरं असतात. रेडिओवर ती सुटी सुटी उच्चारतात : व्हिक्टर, टँगो, अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी.

मग घोळ का होतो?

शाळेतली हजेरी आठवा. एकाच वर्गात ‘पाटील संकेत’ आणि ‘पाटील साकेत’ असले की काय व्हायचं? बाईंनी एकाचं नाव घेतलं की दुसराच ‘हजर’ म्हणायचा. कधी दोघंही एकदम ओरडायचे. त्यात मागच्या बाकांवर गोंधळ चालू असला की संपलंच.

रेडिओवर अगदी हेच घडतं. एका कंट्रोलरच्या ताब्यात एका वेळी अनेक विमानं असतात आणि ती सगळी एकाच फ्रिक्वेन्सीवर असतात. मोबाइलसारखी प्रत्येकाला वेगळी लाइन नसते. एक जण बोलतो, बाकीचे सगळे ऐकतात. बोलण्यासाठी बटण दाबावं लागतं आणि एका वेळी एकालाच बोलता येतं. दिवसाला ९०० हून जास्त विमानांची ये-जा असलेल्या मुंबईसारख्या विमानतळावर गर्दीच्या वेळी हे बोलणं जवळपास अखंड चालू असतं.

त्यात विमान कंपन्या क्रमांक देतात ते सोयीने. एका मार्गावरच्या उड्डाणांना लागोपाठचे क्रमांक, जाताना एक आणि येताना त्याच्या शेजारचा. त्यामुळे एकाच कंपनीची, सारख्या क्रमांकांची दोन-तीन विमानं एकाच वेळी एकाच आकाशात येणं अगदी साहजिक आहे.

कुठले क्रमांक जास्त फसवतात?

खालची उदाहरणं फक्त समजण्यासाठी घेतली आहेत.

- शेवटचे आकडे सारखे : १३२८ आणि ३८२८.
- आकडे तेच, क्रम वेगळा : ४५२ आणि ५४२.
- एकच आकडा पुन्हा पुन्हा : ५५५ आणि ५५५५. ऐकताना एक ‘फाइव्ह’ कधी गळतो ते कळतही नाही.
- कंपनी वेगळी, क्रमांक एकच : ‘एअरइंडिया ६१५’ आणि ‘आयफ्लाय ६१५’.
- क्रमांक उंचीसारखा किंवा दिशेसारखा : ३३,००० फुटांची उंची रेडिओवर ‘फ्लाइट लेव्हल ३३०’ अशी सांगतात. आता विमानाचा क्रमांकही ३३० असेल, तर कुठला ३३० कशासाठी, हे पटकन उमगत नाही.
- डोळ्यांची फसवणूक : कंट्रोलरच्या पडद्यावर इंग्रजी ‘बी’ आणि ८, ‘एस’ आणि ५, ‘ओ’ आणि शून्य सारखे दिसू शकतात.

आपल्यालाही हा अनुभव आहेच. फोनवर कुणी ‘एकोणऐंशी’ म्हटलं की आपण विचारतो, ‘सात-नऊ की आठ-नऊ?’ म्हणूनच बँकेचा खाते क्रमांक सांगताना आपण आकडे सुटे सुटे सांगतो.

चूक कानाची की मेंदूची?

बऱ्याचदा कान बरोबर असतो, मेंदू घाई करतो. ज्या गोष्टीची आपण वाट पाहत असतो, ती ऐकू आल्यासारखी वाटते. बस स्टँडवर ताटकळत बसलेल्या माणसाला प्रत्येक घोषणेत आपलंच गाव ऐकू येतं, तसंच.

धावपट्टीच्या तोंडाशी उभा असलेला वैमानिक उड्डाणाच्या परवानगीची वाट पाहत असतो. उंचावरून खाली यायची वेळ झालेला वैमानिक खाली येण्याच्या सूचनेची वाट पाहत असतो. अशा वेळी आपल्यासारखंच नाव आणि आपल्याला हवी तीच सूचना कानावर पडली, तर उरलेली जागा मेंदू स्वतःच भरून टाकतो. कंट्रोलरचंही तसंच. त्याने सूचना दिली ‘४५२’ला आणि उत्तर आलं ‘५४२’कडून, तरी त्याला अपेक्षित तेच ऐकू येऊ शकतं.

म्हणून या घोळाला निष्काळजीपणा म्हणून सोडून देता येत नाही. अनुभवी आणि शिस्तीची माणसंही यात अडकतात.

आणि एक चूक झाली की धोका दोन विमानांना असतो. एक विमान जे करायला नको ते करतं आणि दुसरं जे करायला हवं ते करत नाही.

शिकागोमध्ये काय घडलं होतं?

१६ जून २०१५ ची संध्याकाळ. अमेरिकेतल्या शिकागो शहराचा मिडवे विमानतळ. इथल्या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. एका धावपट्टीवर साउथवेस्ट कंपनीचं विमान होतं, तिला छेदणाऱ्या दुसऱ्या धावपट्टीवर डेल्टा कंपनीचं. क्रमांक होते ‘साउथवेस्ट ३८२८’ आणि ‘डेल्टा १३२८’.

कंट्रोलरने उड्डाणाची परवानगी दिली साउथवेस्टला. पण डेल्टाच्या वैमानिकांना वाटलं, ती आपल्यालाच आहे. दोन्ही विमानांनी एकाच वेळी उत्तर दिलं, त्यामुळे दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले. आणि मग दोन्ही विमानं एकाच छेदबिंदूच्या दिशेने धावू लागली.

कंट्रोलरच्या हे लक्षात आलं आणि त्याने लगेच डेल्टाला थांबायला सांगितलं. साउथवेस्टचं विमानही थांबलं. छेदबिंदूपासून सुमारे २,००० फूट अलीकडे दोन्ही विमानं उभी राहिली. कुणालाही इजा झाली नाही.

इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे दोन्ही कंपन्यांची नावं अजिबात सारखी नव्हती. ‘डेल्टा’ आणि ‘साउथवेस्ट’ यांत कुणाचा गोंधळ होईल? पण अमेरिकेत विमानांचे क्रमांक जोडीने उच्चारायची पद्धत आहे. त्यामुळे एक झाला ‘थर्टीन ट्वेंटी-एट’ आणि दुसरा ‘थर्टी-एट ट्वेंटी-एट’. सुरुवात ‘थर्टी’ची आणि शेवट ‘ट्वेंटी-एट’चा. नावातला फरक या सारखेपणाने झाकून टाकला.

दोघे एकदम बोलले तर काय ऐकू येतं?

विमानांचा रेडिओ अजूनही जुन्या ‘एएम’ पद्धतीवर चालतो. त्याचा एक फायदा आहे. दोघे एकदम बोलले की बहुतेक वेळा कर्कश शिट्टीसारखा किंवा घरघरीचा आवाज येतो, म्हणजे कुणाचं तरी बोलणं बुडालं हे निदान कळतं. एफएममध्ये जोरदार सिग्नल दुसऱ्याला साफ दाबून टाकतो आणि दुसरा कुणी बोलला होता याचा पत्ताही लागत नाही.

पण शिट्टी ऐकू आली म्हणजे बुडालेले शब्द परत येतात असं नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी टेनेरीफवर हेच घडलं. दाट धुक्यात केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन जंबो जेट एकाच धावपट्टीवर होती. केएलएमचं विमान परवानगी मिळालेली नसताना उड्डाणाला निघालं. टॉवरने त्याला ‘थांबा, मी सांगतो’ असं म्हटलं आणि नेमकं त्याच क्षणी पॅन ॲमचा वैमानिक ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असं सांगत होता. दोन्ही वाक्यं एकमेकांवर आदळली. केएलएमच्या कॉकपिटमध्ये पोहोचली ती शिट्टी.

त्यानंतर टॉवरने पॅन ॲमला धावपट्टी मोकळी केल्यावर कळवायला सांगितलं. पण या वेळी हाक मारली ‘पापा अल्फा १७३६’ अशी. पॅन ॲमचं रेडिओवरचं नाव होतं ‘क्लिपर’. तरीही केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरच्या मनात शंका आली. ‘ते पॅन अमेरिकन अजून बाहेर पडलं नाही का?’ अशा अर्थाचं त्याने विचारलं. कॅप्टनने ठामपणे सांगितलं की, पडलंय. काही सेकंदांत धडक झाली आणि ५८३ जण मरण पावले.

टेनेरीफच्या अपघाताची कारणं अनेक होती, तो केवळ कॉलसाइनचा घोळ नव्हता. पण बुडालेले शब्द, बदललेली हाक आणि विचारूनही न तपासलेली शंका, या तिन्ही गोष्टी त्यात होत्या.

हे टाळण्यासाठी काय करतात?

एकच एक रामबाण उपाय नाही. त्यामुळे एकामागून एक जाळ्या लावलेल्या असतात. एकीतून चूक निसटली तर पुढची अडवेल, हा त्यामागचा विचार.

पहिली जाळी : वेळापत्रक

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे सारखी नावं एकत्र येऊच न देणं. त्यासाठी कंपन्या वेळापत्रक ठरवतानाच क्रमांक तपासतात. युरोपमध्ये युरोकंट्रोल ही संस्था यासाठी कंपन्यांना सॉफ्टवेअर पुरवते. एकाच भागात एकाच वेळी येणारे सारखे क्रमांक ते शोधून काढतं.

काही कंपन्या रेडिओसाठी आकडे आणि अक्षरं मिसळून वेगळंच नाव घेतात. म्हणूनच विमानं दाखवणाऱ्या ॲपवर कधी कधी तुमच्या तिकिटावरच्या क्रमांकापेक्षा वेगळी कॉलसाइन दिसते. ते तुमचंच विमान असतं. प्रवाशांसाठी क्रमांक एक आणि रेडिओसाठी दुसरा.

कालचं रखडलेलं उड्डाण आणि आजचं त्याच क्रमांकाचं उड्डाण एकाच वेळी हवेत असेल, तर एकाच्या नावाला अक्षर जोडतात. नाहीतर एकाच नावाची दोन विमानं व्हायची!

दुसरी जाळी : उच्चार

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, हिने आकड्यांचे उच्चारही ठरवून दिले आहेत. आकडे एकेक करून सांगायचे. ‘थ्री’ला म्हणायचं ‘ट्री’, ‘फोर’ला ‘फोवर’, ‘फाइव्ह’ला ‘फाइफ’ आणि ‘नाइन’ला ‘नायनर’. खरखरणाऱ्या रेडिओवर ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ सारखेच ऐकू येतात, हे आठवलं की ‘नायनर’चं महत्त्व कळतं. अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही शब्दमालाही त्याचसाठी. ती १९५६ पासून वापरात आहे. ‘बी’, ‘डी’, ‘पी’ आणि ‘टी’ एकमेकांसारखे वाटतात. ब्राव्हो, डेल्टा, पापा आणि टँगो वाटत नाहीत.

तिसरी जाळी : पूर्ण नाव आणि उलट उच्चार

कंट्रोलर सूचना देताना आधी कॉलसाइन घेतो, म्हणजे ज्याचं नाव आहे तो कान टवकारतो. वैमानिक महत्त्वाची सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवतो आणि शेवटी स्वतःची कॉलसाइन सांगतो. उंची, दिशा, धावपट्टीवर जाण्याची किंवा उड्डाणाची परवानगी, या गोष्टी परत म्हणून दाखवणं बंधनकारक आहे. फक्त ‘रॉजर’ म्हणून चालत नाही, कारण ‘रॉजर’ कोण म्हणालं आणि त्याने काय ऐकलं हे त्यातून कळत नाही.

पण वैमानिकाने परत म्हटलेलं कंट्रोलरने नीट ऐकलं पाहिजे, तरच त्याचा उपयोग. चुकीच्या विमानाने उत्तर दिलं असेल तर ते पकडायची हीच जागा असते.

कंपनीचं नाव आणि क्रमांक असलेली कॉलसाइन छोटी करायला परवानगी नाही. ‘आयफ्लाय’ गाळून नुसतं ‘४५२’ म्हणायचं नाही. नोंदणीची अक्षरं असलेल्या विमानाला मात्र पहिलं अक्षर आणि शेवटची दोन अक्षरं, अशी छोटी हाक मारता येते. तीही कंट्रोलरने स्वतः सुरुवात केली तरच. याचं कारण सोपं आहे. कंट्रोलरला सगळी विमानं माहीत असतात, वैमानिकाला नसतात. बारामती किंवा गोंदियासारख्या ठिकाणी, जिथे वैमानिकांना प्रशिक्षण दिलं जातं, तिथे एकाच संस्थेची सारख्या अक्षरांची विमानं एकाच वेळी हवेत असू शकतात. आणि चालवणारे असतात शिकाऊ.

चौथी जाळी : नाव बदलणं आणि सावध करणं

दोन सारखी नावं समोर आलीच, तर कंट्रोलर दोन्ही विमानांना तसं सांगून सावध करतो. गरज पडली तर एका विमानाची कॉलसाइन तात्पुरती बदलायलाही सांगू शकतो. पुढे धोका टळला की ते विमान पुन्हा आपल्या मूळ नावावर येतं.

पाचवी जाळी : लिहून सांगणं

काही भागांत कंट्रोलर आणि वैमानिक एकमेकांना लेखी संदेश पाठवतात. संदेश त्या एकाच विमानाच्या पडद्यावर जातो, त्यामुळे दुसऱ्याने ऐकून गोंधळायचा प्रश्न येत नाही. अरबी समुद्रावरून जाणाऱ्या विमानांशी मुंबईचं नियंत्रण केंद्र अशा प्रकारे संपर्क ठेवतं. पण विमानतळाजवळ, जिथे प्रत्येक सेकंद मोलाचा असतो, तिथे अजूनही आवाजच लागतो.

या सगळ्यातून चूक निसटलीच, तर विमानातली टक्कर टाळणारी यंत्रणा वैमानिकाला वर किंवा खाली जायला सांगते. पण ती हवेतल्या विमानांसाठी. धावपट्टीवर एकमेकांकडे धावणाऱ्या दोन विमानांना तिचा उपयोग नाही.

मग शेवटची जाळी कुठली?

विचारणं.

सूचना आपल्यासाठी होती की नाही याची शंका आली, तर वैमानिकाने विचारायचं. ‘से अगेन’, म्हणजे पुन्हा सांगा, हा रेडिओवरचा अधिकृत शब्दप्रयोग आहे. तो वापरण्यात कमीपणा नाही. कॉकपिटमधल्या दोघांना वेगवेगळं ऐकू आलं असेल, तर कोण वरिष्ठ यावर निकाल लावायचा नाही, कंट्रोलरला विचारायचं. दुसऱ्याच विमानाने आपली सूचना उचलल्याचं लक्षात आलं, तर गप्प न बसता तेही सांगायचं.

हे लिहायला सोपं आहे. गर्दीच्या फ्रिक्वेन्सीवर, कंट्रोलर घाईत असताना, मागे विमानांची रांग लागलेली असताना पुन्हा विचारायला संकोच वाटतो. ‘एवढंही कळलं नाही का?’ असं समोरच्याला वाटेल, ही भीती आपल्यातल्या कुणाला नसते? म्हणूनच विमान वाहतुकीत ते प्रशिक्षणाचा भाग केलं गेलं. टेनेरीफनंतर कॉकपिटमधल्या कनिष्ठाने शंका बोलून दाखवणं आणि वरिष्ठाने ती तपासणं, यावर जगभर भर दिला जाऊ लागला.

हॉस्पिटलमध्ये नर्स प्रत्येक इंजेक्शनआधी तुमचं नाव आणि जन्मतारीख पुन्हा विचारते, तेव्हा कंटाळा येतो. ‘मघाशीच सांगितलं ना!’ असं आपण म्हणतो. तिचं कारणही तेच आहे. शेजारच्या खाटेवर त्याच नावाचा दुसरा कुणी असू शकतो.

पुढच्या वेळी तुमचं विमान धावपट्टीच्या तोंडाशी येऊन मिनिटभर उगाच थांबल्यासारखं वाटलं, तर चिडण्याआधी एक शक्यता लक्षात ठेवा. पुढे बसलेल्या दोघांपैकी कुणीतरी कदाचित विचारत असेल, ‘ते आमच्यासाठी होतं का?’